जीवाणू फोडणारा विषाणू : जनावरांच्या छातीच्या रोगावर इलाज होईल काय?



आपल्या कार्यक्रमाकडे अलीकडे एकाच गोष्टीची विचारणा फार होते. कोणी मोबाईलवर फिरत आलेला मजकूर पाठवतात, कोणी दुकानावर ऐकलेले लिहितात. प्रश्न मात्र एकच. "जनावराच्या छातीतले जंतू खाऊन टाकणारा विषाणू निघालाय म्हणे. तो मिळतो कुठे आणि केवढ्याला?"

आधी उत्तर देऊन टाकतो, मग खुलासा करतो. विषाणू खरा आहे. त्याच्यावरचे प्रयोगही खरे आहेत. पण गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या श्वसनरोगावरचे नेहमीच्या वापरातले औषध म्हणून तो अजून गोठ्यापर्यंत पोचलेला नाही. कोणी बाटली दाखवून "हेच ते" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी हे पत्रक पुरते वाचा.

आता हा विषाणू म्हणजे काय, ते पाहू. तुमच्यापैकी जे हरभरा करतात त्यांना हे समजायला जड जाणार नाही, कारण यातले निम्मे ज्ञान तुमच्याकडे आधीच आहे. घाटेअळीसाठी आपण एचएएनपीव्ही फवारतो. तोही विषाणूच. अळीच्या पोटात जातो, तिथे वाढतो, अळी मलूल होऊन शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. तिच्या अंगाचे पाणी होऊन पानावर सांडते आणि त्यातून पुढच्या अळीला लागण होते. हा विषाणू घाटेअळीला मारतो, मधमाशीला काही करत नाही, हरभऱ्याला नाही, तुम्हा-आम्हालाही नाही. फवारणी संध्याकाळी का करायची, तर उन्हाने तो मरतो म्हणून. अळी लहान असतानाच का, तर मोठी अळी मरेपर्यंत घाटे पोखरून मोकळी होते म्हणून. ह्या गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे जनावराच्या बाबतीत त्यांचीच पुन्हा गाठ पडणार आहे.

आता अळीच्या जागी जीवाणू ठेवा. डोळ्यांना न दिसणारा, एका मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग एवढा जीव. गाईच्या फुफ्फुसात सूज आणतो तो, कोंबडीच्या हवेच्या पिशव्यांत पू करतो तो. ह्या जीवाणूलाही रोग होतो, आणि तो रोग करणारा विषाणू म्हणजे बॅक्टेरिओफेज. बोलताना नुसते फेज म्हणतात. फेज जीवाणूच्या अंगावर नेमक्या जागी चिकटतो, आपला अंश आत सोडतो आणि जीवाणूच्या घरातच आपली पिल्ले घडवून घेतो. अर्ध्या तासाच्या आसपास जीवाणू फुटतो आणि शंभराच्या घरात नवे फेज बाहेर पडतात. ते शेजारच्या जीवाणूला धरतात. औषधाची सुई टोचली की तासातासाने अंगातले औषध कमी होत जाते. फेजचे उलट आहे. जोवर त्याचा जीवाणू शिल्लक आहे तोवर तो वाढतो, आणि जीवाणू संपला की त्याचीही उपासमार होते.

फेज काही प्रयोगशाळेत बनवलेली चीज नव्हे. माती, नदी, गटार, शेण, सगळीकडे ते आहेत. जिथे जीवाणू तिथे फेज.

याचा शोध तसा जुना. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'एरेल यांनी १९१७ मध्ये तो स्वतंत्रपणे लावला. बॅक्टेरिओफेज हे नाव द'एरेल यांनीच दिले. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, आग्र्याला असलेल्या हँकिन नावाच्या संशोधकाला आढळले होते की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. हा गुण फेजचा असावा असे पुढे बऱ्याच जणांनी मांडले. (म्हणून कोणी गुरांना गंगाजल पाजायला निघू नये. त्या नदीत आज आणखी काय काय आहे, ते सांगायला नको.)

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की फेजचा उपचार सुरुवातीलाच जनावरांवर करून पाहिला गेला. १९१९ मध्ये द'एरेल यांनी फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर तो वापरला. त्यानंतर ते इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला गेले आणि तिथे म्हशींच्या ज्या रोगावर त्यांनी काम केले तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो घटसर्प. पावसाच्या तोंडावर येणारा, गळा सुजवणारा, घशात घरघर लावणारा आणि सकाळी चरायला गेलेली म्हैस संध्याकाळी आडवी करणारा. शंभर वर्षांपूर्वी घटसर्पावर फेज वापरून पाहिला गेला, आणि आज शंभर वर्षांनी आपण त्याला "नवा" म्हणतो आहोत!

मग मध्ये काय झाले? १९४० नंतर पेनिसिलिन आणि त्याच्या मागून इतर प्रतिजैविके आली. ती सोपी होती. कोणता जीवाणू, कोणती जात, हे पाहत बसायला नको, सुई टोचा आणि मोकळे व्हा. फेजची त्या काळची औषधे तेवढी शुद्ध नसत, कधी लागू पडत, कधी नाही. पश्चिमेकडच्या देशांनी ती बाजूला टाकली. जॉर्जिया देशात तिबिलिसी येथे १९२३ मध्ये निघालेल्या संस्थेने मात्र माणसांवरच्या उपचारासाठी हे काम सोडले नाही.

आज पुन्हा त्याची आठवण का झाली, ते तुम्ही जाणताच. पूर्वी दोन सुयांत उभे राहणारे वासरू आता पाच सुयांतही उठत नाही. अर्धवट डोस, मागच्या वेळची उरलेली बाटली, खाद्यातून रोज थोडे थोडे औषध, ह्या सगळ्यांतून जीवाणू निर्ढावत गेले. परिस्थिती इतकी आली की कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचे शेवटचे औषध कोंबड्यांना आणि इतर खाद्य-जनावरांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

आता प्रयोगांकडे वळू. श्वसनरोगावर फेजचे सर्वांत पद्धतशीर काम कोंबड्यांत झाले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आर्कान्सा राज्यातील केंद्रात हफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून काही वर्षे मांसल कोंबड्यांवर प्रयोग केले. रोग ई. कोलाय जीवाणूचा. आपल्याकडच्या शेडमध्ये घुरघुर लागून, हवेच्या पिशव्यांत पिवळट साका धरून पक्षी मरतात, त्यात हा जीवाणू पुष्कळदा असतो.

त्यांनी जीवाणू थेट पिल्लांच्या हवेच्या पिशवीत टोचला. नुसता जीवाणू टोचलेल्यांपैकी शंभरातली ८० मेली. जीवाणूत आधीच थोडे फेज मिसळले तेव्हा मर २५ वर आली, भरपूर मिसळले तेव्हा ५ वर. वाचून वाटेल, झाले काम! पण थांबा. जीवाणू आणि फेज एकाच सुईत घालून टोचणे म्हणजे चोर आणि पोलीस एकाच खोलीत कोंडणे. गोठ्यात तसे होत नाही. म्हणून त्यांनी पुढे फेज पिण्याच्या पाण्यातून देऊन पाहिला. उपयोग झाला नाही. तुषार फवारून पाहिला. रोग टोचल्याबरोबर फवारला तरच फरक पडला, उशीर झाला की नाही. स्नायूत सुई दिली तेव्हा मात्र एक-दोन दिवस उशिरानेही मर कमी झाली.

माझ्या मते ह्या सगळ्या कामातला आपल्या कामाचा धडा हाच आहे. फेज चांगला की वाईट, एवढे विचारून भागत नाही. तो त्या जीवाणूपर्यंत, पुरेशा संख्येने, वेळेवर पोचला का, हे विचारावे लागते. पाण्यातून दिलेला फेज पोटात जातो, रोग असतो छातीत. शेडमध्ये पाण्यातून औषध देणे सगळ्यांत सोयीचे, आणि नेमकी तीच वाट इथे बंद निघाली.

२००४ मध्ये त्यांनी आणखी एक तुलना केली. उपचार न केलेल्या पक्ष्यांत मर ६८ टक्के. फेज दिलेल्यांत १५. एन्रोफ्लॉक्सासिन ह्या प्रतिजैविकावर ठेवलेल्यांत ३. आणि दोन्ही मिळून दिलेल्यांत एकही पक्षी मेला नाही. म्हणजे एकट्या फेजपेक्षा औषध सरसच ठरले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गंमत बघा. त्याच औषधाची कोंबड्यांसाठीची परवानगी अमेरिकेने पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये काढून घेतली, कारण माणसांना बाधणारे जीवाणू त्याला दाद देईनासे झाले होते. फेज ही प्रतिजैविकाला सोडचिठ्ठी नसून त्याच्या जोडीचा बैल ठरेल, असे मानणारे संशोधक म्हणूनच पुष्कळ आहेत.

वासरांवरचे काम त्याहून जुने आहे, पण ते हगवणीवरचे. इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ आणि हगिन्स यांनी १९८३ मध्ये वासरे, कोकरे आणि डुकरांची पिल्ले यांत ई. कोलायच्या हगवणीवर फेज उपयोगी पडतो असे दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी उंदरांवर काम करताना त्यांना एक चांगली गोष्ट दिसली होती. काही जीवाणू फेजपासून वाचायला अंगावरचे कवच टाकून देतात. पण ते कवचच त्यांचे हत्यार होते, त्यामुळे वाचलेला जीवाणू मवाळ होतो. प्रत्येक जीवाणूत असे घडेलच असे नाही, पण घडते तेव्हा शेतकऱ्याचा दोन्हीकडून फायदा.

गाई-बैलांच्या फुफ्फुसदाहाचे कोडे मात्र अवघड आहे. लांबच्या बाजारातून गाडीत दाटीने आणलेले जनावर तीन-चार दिवसांनी खाणे सोडते, ताप चढतो, नाक वाहते, मान लांब करून श्वास घेते. ह्यात मॅनहेमिया आणि पाश्चरेला हे जीवाणू मुख्य. ते निरोगी जनावराच्या नाकाघशातही गुपचूप राहत असतात. प्रवासाचा ताण, थंडी-वारा, आधी होऊन गेलेला एखादा विषाणूजन्य आजार, यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की ते खाली छातीत उतरतात. मॅनहेमिया असे एक विष सोडतो की जनावराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच, म्हणजे राखणदारच, मरतात. लक्षणे दिसेपर्यंत फुफ्फुसाचा काही भाग घट्ट होऊन गेलेला असतो. आता तिथे फेज नेऊन शेवटचा जीवाणू मारला, तरी गेलेला भाग परत येत नाही. मोठ्या घाटेअळीवर फवारणी केल्यासारखेच ते.

दुसरी अडचण जातीची. एचएएनपीव्ही ज्वारीच्या खोडकिड्याला लागत नाही, तसा एका पाश्चरेलाचा फेज दुसऱ्या जातीच्या पाश्चरेलाला लागेलच असे नाही. म्हणून बऱ्याच फेजांचे मिश्रण करावे लागते आणि ते त्या भागातल्या जीवाणूंवर आधी तपासून घ्यावे लागते. तिसरी अडचण अशी की काही फेज जीवाणूला फोडतच नाहीत. त्याच्या अंगात आपला अंश ठेवून स्वस्थ बसतात आणि कधी कधी एका जीवाणूचे वाईट गुण दुसऱ्यात नेऊन घालतात. असे फेज औषधाला चालत नाहीत, आणि मॅनहेमियात नेमके तसलेच पुष्कळ सापडतात. पोलंडमध्ये लुब्लिनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मॅनहेमिया फोडणारे फेज वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. ही चांगली बातमी आहे, पण ते काम काचेच्या बशीतले. बशीतून गाईच्या फुफ्फुसापर्यंतची वाट लांब आहे.

शिवाय जनावराचे शरीरही फेजला परका समजते. पुन्हा पुन्हा टोचला तर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात आणि तो जीवाणूपर्यंत पोचण्याआधीच निकामी होतो.

सुरक्षिततेविषयी बरेच जण धास्तावलेले असतात, "विषाणू" हा शब्दच तसा आहे. लाळ्या-खुरकूत, लम्पी आणि कोरोनानंतर तर विचारूच नका. फेज गाईच्या, कोंबडीच्या किंवा माणसाच्या पेशीत वाढत नाही. अमेरिकेने २००६ मध्ये तयार मांसावर लिस्टेरिया जीवाणूविरुद्ध फेजचे मिश्रण फवारायला परवानगी दिली. म्हणजे तो खाण्यात गेला तरी चालतो असे तिथल्या सरकारने मानले. मात्र ही गोष्ट शुद्ध केलेल्या, निवडलेल्या फेजची आहे.

आणि इथेच मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. आपला शेतकरी हुशार आहे. शेतात लटकून मेलेल्या अळ्या गोळा करून, ठेचून, फडक्यातून गाळून घरच्या घरी विषाणूचे द्रावण करणारे मी स्वतः पाहिले आहेत, आणि शाबासकीही दिली आहे. नीळ टाकून संध्याकाळी फवारले की काम होते. आता हेच डोके कोणी गोठ्यात चालवले तर? शेणात फेज असतात, मग शेणाचे पाणी गाळून पाजू. मेलेल्या कोंबडीचे फुफ्फुस वाटून उरलेल्या पक्ष्यांना देऊ. बंधूंनो, हे कदापि करू नका. त्या पाण्यात फेज असतील नसतील, रोगाचे जिवंत जंतू मात्र हमखास असतील. साध्या फडक्यातून जीवाणूही जातो आणि फेजही जातो. दोघांना वेगळे करायला फार बारीक छिद्रांची गाळणी लागते. त्यातूनही गाळले तरी फुटलेल्या जीवाणूंच्या कवचाचे विष द्रावणात उरते, आणि ते रक्तात गेले तर जनावर झटका येऊन पडू शकते. घाटेअळी मेली नाही तर दुसरी फवारणी करता येते. म्हैस मेली तर घरातले दूध जाते, कर्जाचा हप्ता मात्र राहतो.

बाटलीचेही तेच. दुकानात कोणी फेजच्या नावाने काही दिले तर तीन गोष्टी विचारा. कोणत्या जीवाणूसाठी आहे? आपल्या जनावरात तोच जीवाणू आहे, हे कोणी तपासले? आणि सरकारी परवाना कुठे आहे? "सगळ्या जंतूंवर चालतो" असे उत्तर मिळाले, तर तो फेज नाही एवढे नक्की समजा. राणीखेत म्हणजे मानमोडी, शेळ्यांतला पीपीआर, लम्पी हे विषाणूंचे रोग. त्यांच्यावर फेज कधीच चालणार नाही, कारण फेज फक्त जीवाणूला लागतो.

मी शेतीचा पदवीधर, जनावराला सुई टोचणारा नव्हे. तेव्हा औषधांची नावे इथे देत नाही, ती पशुवैद्यकाने द्यावीत. पण फेज येईल तेव्हा येईल, त्याच्यासाठी जी शिस्त लागणार आहे ती आजही उपयोगाची आहे.

घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. मे महिन्यात सरकारी दवाखान्यात विचारणा सुरू करा, पहिल्या पावसाची वाट पाहू नका. बाजारातून आणलेले जनावर निदान तीन आठवडे वेगळे बांधा, त्याची पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. वासराला जन्मल्यापासून तासा-दोन तासांत चीक मिळाला पाहिजे, जार पडण्याची वाट पाहत बसू नये. कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर समजा अमोनिया साठला आहे. त्याने पक्ष्याच्या श्वासनलिकेचे अस्तर सोलते आणि जीवाणूला आयती वाट मिळते. गादी हलवा, ओली झालेली काढा, थंडीतही पडदे वरच्या बाजूने थोडे उघडे ठेवा. थंडी लागेल म्हणून सगळे बंद करण्याची आपल्याकडे खोड आहे, आणि तिच्यापायी पुष्कळ पक्षी जातात.

जनावर आजारी दिसले तर आधी ताप पाहा. गाईचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. त्याहून बराच वर गेला आणि श्वास जलद झाला की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. १९६२ ह्या क्रमांकावर फोन केला तरी चालेल. औषध सुरू करण्याआधी नमुना घेता येईल का, हे आवर्जून विचारा. कोणता जीवाणू आहे आणि कोणते औषध त्याला लागू पडते, हे तपासायला दोन-तीन दिवस लागतात. जनावर गंभीर असेल तर डॉक्टर तेवढे थांबणार नाहीत, थांबूही नये. पण नमुना आधी घेऊन ठेवला तर दुसऱ्या जनावराच्या वेळी अंधारात तीर मारावा लागत नाही. सुरू केलेले औषध सांगितले तितके दिवस पुरे करा आणि त्या काळातले, तसेच डॉक्टर सांगतील तितके पुढच्या दिवसांचे दूध डेअरीला घालू नका.

नमुन्याविषयी पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एक-दोन कोंबड्या मेल्या असतील तर ताजा मेलेला पक्षी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका. सोबत चिठ्ठी द्या : पक्ष्यांचे वय, शेडमध्ये एकूण किती, मेले किती, कोणत्या लसी झाल्या, आणि आधी कोणते औषध दिले. औषध दिले असेल तर लपवू नका, नाहीतर तपासणीत जीवाणू उगवणार नाही आणि सगळ्यांची मेहनत वाया जाईल. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे जिल्ह्याला, आणि गरज पडली तर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुना जातो. एकाच दिवसात अचानक खूप पक्षी मेले असतील तर मात्र पिशवी-बर्फ काही करू नका, पक्ष्यांना हात न लावता आधी दवाखान्यात कळवा. पुढचा नमुना ते स्वतः येऊन घेतील.